अर्ध्या आयुष्याचा हिशेब

नऊ गोष्टी चारचौघांत सांगू नयेत, असा जुन्या जाणत्यांचा दंडक आहे. आपले वय, आपले धन, घरातल्या भानगडी, केलेले दान, मिळालेला मान, सोसलेला अपमान, घेतलेले औषध, स्त्रीसंग आणि गुरूने दिलेला मंत्र. व्यापारी घराण्यांत हा दंडक विशेष कसोशीने पाळला जाई, कारण पेढीची पत ज्या गोष्टींवर उभी असते त्यांत न बोललेल्या गोष्टींचा वाटा मोठा असतो. शहाजहानच्या काळात आग्र्यात राहणाऱ्या एका पंचावन्न वर्षांच्या जैन व्यापाऱ्याला हा दंडक पाठ होता. आपल्या ग्रंथात त्याने या नऊ गोष्टी नावानिशी नोंदवल्याही आहेत. आणि त्याच ग्रंथात यांतल्या बहुतेक गोष्टी त्याने सांगूनही टाकल्या आहेत.

हे कविवर बनारसीदास. त्यांचे ‘समयसार नाटक’ स्वाध्यायाला बसणाऱ्यांना परिचित आहे. संवत १६९३ मध्ये पूर्ण झालेल्या त्या ग्रंथाने त्यांना आध्यात्मिक कवींच्या पहिल्या पंक्तीत बसवले. त्यानंतर पाच वर्षांनी, संवत १६९८ च्या मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, म्हणजे इ. स. १६४१ मध्ये, त्यांनी ‘अर्धकथानक’ संपवले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरले तर पंचावन्न वर्षांची कथा अर्धीच ठरते, म्हणून हे नाव. एकंदर ६७५ पद्ये, आणि भाषा मध्यदेशाची बोली, बाजारात आणि सराईत चालणारी. हिंदीतले पहिले आत्मचरित्र म्हणून आज अभ्यासक त्याकडे पाहतात. सुमारे तीन शतके हस्तलिखितांतच राहिलेला हा ग्रंथ १९४३ साली पंडित नाथूराम प्रेमी यांनी संपादित करून मुंबईहून प्रसिद्ध केला. तरीही ज्या घरांत ‘समयसार नाटक’ आहे त्या सर्व घरांत ‘अर्धकथानक’ नसते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. ज्याचे सवैये भक्तिभावाने म्हणावेत त्या कवीने बापाच्या घरातली माणके चोरली होती, हे वाचताना श्रद्धावंत वाचक जरा थबकतो.

चोरीची हकीकत अशी. श्रीमाळ कुळातले हे घराणे जौनपूरला स्थिरावलेले, वडील खड्गसेन जवाहिरे. मुलगा बुद्धीने तल्लख. पंडिताकडे तो नाममाला, अनेकार्थ, ज्योतिष आणि अलंकार शिकला, उपाश्रयात भानुचंद्र यतींकडे धर्मग्रंथ शिकला. आणि याच काळात, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो इश्काच्या नादी लागला. वडिलांच्या मालातली चुनी, माणिक, मणी लांबवावे, त्यांची मिठाई आणि विडे आणावेत आणि ते प्रियपात्राकडे पाठवावेत, असा त्याचा क्रम सुरू झाला. दिवसा गुरूंपुढे सूत्रपाठ आणि उरलेला वेळ इश्क, दोन्ही एकाच माणसाचे. त्याच सुमारास त्याने हजारभर दोहे-चौपायांचा ‘नवरस’ नावाचा ग्रंथही रचला. नावाला नऊ रस, प्रत्यक्षात बहुतेक सगळा शृंगार.

पंचावन्नाव्या वर्षी हे लिहिताना बनारसीदास कोणावर दोष ढकलत नाहीत. वाईट संगतीची गोष्ट ते काढत नाहीत, कोवळ्या वयाचे निमित्त पुढे करत नाहीत. त्याचबरोबर ऊर बडवून रडतही नाहीत. रोजकीर्दीत जमा-खर्च लिहावा त्या स्वरात लिहितात. माल बापाचा होता, नेला, मिठाई घेतली. हा स्वर वाचकाला अस्वस्थ करतो, कारण पश्चात्तापाच्या अश्रूंनी वाचकाची जी सोय होते ती येथे होत नाही.

पुढल्या वर्षी तो पत्नीला आणण्यासाठी सासरी, खैराबादला गेला. लग्न अकराव्या वर्षीच झाले होते. (नववधू घरात आली त्याच दिवशी घरातली वृद्ध आजी वारली आणि त्याच दिवशी बहीण जन्मली. एका छपराखाली एका दिवसात तीन गोष्टी, अशी नोंद त्याने आवर्जून केली आहे.) खैराबादला महिनाभर राहिल्यावर त्याला भयंकर रोग जडला. अंगावर व्रण उठले, हातपाय फोडांनी भरले, शरीर कुष्ठरोग्यासारखे झाले. जवळ बसून जेवायलाही कोणी तयार होईना. आप्त दूर सरले. राहिल्या दोघी, पत्नी आणि सासू. त्यांनी घास भरवले, औषध लावले, दुर्गंधी सोसली. गावातल्या एका न्हाव्याने उपचार केला, अळणी चणे खायला घातले आणि पैसा मागितला नाही. काही महिन्यांत अंग स्वच्छ झाले.

बरा झालेला बनारसी पत्नीला माहेरीच ठेवून जौनपूरला परतला आणि पुन्हा इश्काच्या वाटेला लागला.

हे शेवटचे वाक्यही त्यांचेच निवेदन आहे. ते त्यांनी लपवलेले नाही. मात्र ज्या मुलीने ते व्रण धुतले तिचे नाव ६७५ पद्यांत कोठेही येत नाही. मित्रांची नावे येतात, सावकारांची येतात, ज्याच्याशी भागीदारी मोडली त्याचेही नाव येते. अफूचे व्यसन असलेला भागीदार नावानिशी अमर झाला आहे, पत्नी झालेली नाही. हा त्या काळाचा रिवाज होता, असे म्हणता येईल. तरीही प्रांजळपणाचीही एक सीमा असते आणि तो प्रांजळ माणूस जिथे उभा असतो तिथून त्याला ती दिसत नाही. स्वतःची चोरी सांगताना ज्याचा हात कापला नाही, त्याला ही उणीव मात्र जाणवली नाही.

चोरीनंतर लोभ. एक संन्यासी जौनपुरात आला आणि त्याने बनारसीला एक मंत्र दिला. वर्षभर गुप्तपणे, शौचकूपात बसून जपायचा, कोणाला सांगायचे नाही. वर्ष पुरे झाले की दाराशी रोज एक दिनार पडलेला सापडेल. ज्याचे तर्कालंकार शिकून झाले होते, तो मुलगा वर्षभर त्या जागी बसून जप करत राहिला. वर्ष संपल्यावर सकाळी स्नान करून दार उघडले. दाराशी काही नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले. शेवटी भानुचंद्रांना सांगितले, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. पण फार काळ नाही, कारण लौकरच एका जोग्याने हाती एक लहानसा शंख ठेवला आणि हाच सदाशिव म्हणून सांगितले. त्याची चोरून पूजा सुरू झाली, इतकी की जैन तीर्थांच्या यात्रेतही शंख बरोबर. या प्रसंगावर बनारसीदास स्वतःलाच कोपरखळी मारतात. देव शंखरूप आणि भक्त महाशंख, तेव्हा धनी आणि चाकर यांची जोडी अगदी जमली. महाशंख म्हणजे अर्थातच महामूर्ख.

या हकीकतीला एक आधीची जोड आहे. जन्मतः त्यांचे नाव विक्रमाजीत होते. तान्हेपणी आईवडील त्यांना घेऊन बनारसला पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेले. तिथल्या पुजाऱ्याने डोळे मिटून श्वास रोखल्याचे सोंग आणले आणि पार्श्वप्रभूंच्या यक्षाची आज्ञा झाल्याचे सांगितले. मुलाला प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव द्या, आयुष्य वाढेल. आईवडिलांनी ते खरे मानले. पुजाऱ्याने मायाचार केला, हे बनारसीदास स्पष्ट लिहितात. ज्या नावाने ते ओळखले गेले, ज्या नावाने त्यांचे सवैये आज म्हटले जातात, ते नाव एका लबाडीतून आले आणि हे जगाला त्यांनीच सांगितले.

संवत १६६२, इ. स. १६०५. कार्तिकात अकबर बादशहा वारल्याची बातमी जौनपुरात आली. बनारसी घरातल्या जिन्यावर बसला होता. ऐकताच त्याला भोवळ आली, तो खाली कोसळला, डोके फुटून रक्त वाहू लागले. आईने जखमेत जाळलेल्या कापडाची राख भरली. बाहेर गावात हाहाकार. दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने पुरले, भरजरी वस्त्रे टाकून जाडीभरडी घातली, श्रीमंत आणि गरीब एकसारखे दिसू लागले. दहा दिवसांनी आग्र्याहून पत्र आले, सलीम जहांगीर नावाने तख्तावर बसला, तेव्हा गाव शांत झाले. सत्तेचा धाक एका क्षणासाठी उठला की माणूस शेजाऱ्याला किती भितो, याचे त्या शतकातले इतके जिवंत चित्र दरबारी बखरकारांनीही क्वचितच काढले असेल.

अंथरुणावर पडल्या पडल्या मुलाच्या मनात एक साधा प्रश्न आला. आपण पडलो तेव्हा शंखातल्या देवाने हात का दिला नाही? पूजा थांबली. मग एके संध्याकाळी तो मित्रांबरोबर गोमतीच्या पुलावर गेला, ‘नवरस’ची पोथी काढून वाचू लागला आणि मध्येच थांबला. एक असत्य बोलणारा नरकात जातो असे ऐकतो, आणि आपण तर हजार पद्ये असत्याची रचली, हा विचार त्याला सोसवला नाही. त्याने पोथी नदीत टाकली. सुटी पाने पाण्यावर पसरली, मित्र हाय हाय करत राहिले. वडिलांनी हे ऐकले तेव्हा त्यांना समाधान वाटले.

मराठी वाचकाला येथे इंद्रायणी आठवल्याशिवाय राहत नाही. तुकोबा हे बनारसीदासांचेच समकालीन. पण परंपरा सांगते ती कथा उलट बाजूची आहे. तुकोबांच्या वह्या दुसऱ्यांच्या सक्तीने बुडाल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या. बनारसीने आपली पोथी आपल्या हाताने बुडवली, आणि ती वर यावी अशी त्याची इच्छाही नव्हती. कवी म्हणून त्याने काय गमावले, ते आता कोणालाच कळणार नाही.

एखाद्या साध्या चरित्रकाराने कथा येथे संपवली असती. चोर होता, लोभी होता, पोथी बुडवली, धर्माला लागला. बनारसीदास तसे करत नाहीत, कारण त्यांना पुढचे ठाऊक आहे.

पुढे व्यापार आला. वडिलांनी विश्वासाने जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्याला पाठवले. तिथे सगळे हातचे गेले. काही रत्ने नाडीत बांधली होती ती गळून पडली, काही उंदरांनी पळवली, कापडात तोटा आला. अंगावरच्या कपड्यांनिशी उरलेले बनारसीदास रात्री घरी दहा-वीस श्रोते जमवून ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचून दाखवू लागले. श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या घेऊन त्यांनी कित्येक महिने पोट भरले. एके दिवशी त्याला बाजूला घेऊन त्यांनी खरी परिस्थिती सांगितली. तो म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खा, चिंता करू नका. पुढे हिशेब झाला तेव्हा चौदा रुपये निघाले आणि ते फेडले गेले. इतक्या मोठ्या ग्रंथात इतके सुंदर पात्र दुसरे नाही, असे म्हटले तरी चालेल.

खैराबादला पत्नीची भेट झाली तेव्हा आधी त्यांनी बढाई मारली, मग खरे सांगितले. तिने साठवलेले वीस रुपये त्यांच्यापुढे ठेवले. तिने आपल्या आईला गुपचूप सांगितले आणि आईने दोनशे रुपये दिले. नाव नसलेल्या त्या दोघी दुसऱ्यांदा उभ्या राहिल्या. पुढे ही पत्नी बाळंतपणात गेली. तिच्या मृत्यूची बातमी आणि तिच्याच धाकट्या बहिणीच्या सोयरिकीचा नारळ, दोन्ही एकाच वेळी आली. बनारसीदासांनी तिथे लोहाराच्या सांडशीची उपमा दिली आहे. सांडशी क्षणात आगीत, क्षणात पाण्यात. दुःख त्यांना झाले होते, याबद्दल शंका नको. पण सोयरीकही त्यांनी नाकारली नाही.

दुसऱ्यांच्या मनातला अंधारही त्यांनी पाहिला, तोही त्याच थंड नजरेने. एकदा आग्र्याच्या वाटेवर सोबतीच्या ब्राह्मणाने बाजारात रुपया मोडायला दिला. सराफाने तो खोटा ठरवला, भांडण जुंपले. सराफाच्या भावाने ब्राह्मणाचे खरे रुपये तपासायला म्हणून घरी नेले आणि त्यांच्या जागी खोटे आणून ठेवले. झाले, सगळे प्रवासी खोटी नाणी पाडणारे ठरले. रात्रभर पहारा आणि पहाटे एकोणीस जणांसाठी एकोणीस सूळ तयार. सोबतच्या एकाची जवळच्या गावात सोयरीक होती, त्या सोयऱ्याने ग्वाही दिली म्हणून प्राण वाचले. याउलट दुसऱ्या एका प्रवासात रानात वाट चुकून बनारसीदास आणि दोन सोबती थेट चोरांच्या गावात जाऊन पोचले. बनारसीदासांनी झटकन संस्कृत श्लोक म्हणून आशीर्वाद दिला. चोरांच्या चौधरीने ब्राह्मण समजून नमस्कार केला आणि आपल्या चौपालीत झोपायला जागा दिली. रात्री तिघांनी कापडातून सूत काढून जानवी वळली, माती कालवून कपाळावर टिळे लावले. सकाळी चौधरी घोडेस्वारांसह आला, पुन्हा पाया पडला आणि वाट दाखवून परत गेला. एका ठिकाणी कायद्याचे रखवालदार खोट्या साक्षीवर सूळ उभे करतात आणि दुसऱ्या ठिकाणी चोर पाहुणचार करतात. चोरांना फसवले ते मात्र यांनीच. या लबाडीबद्दल बनारसीदासांनी खंत व्यक्त केलेली नाही आणि कोणी सुज्ञ वाचक ती मागणारही नाही.

आता खरी कठीण गोष्ट. संवत १६८० मध्ये बनारसीदासांच्या हाती राजमल्लांची समयसारावरील बालबोध टीका आली. त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. आत्मा शुद्ध आहे, कर्माचा कर्ता नाही, हे वाचून त्यांना वाटले, मग सामायिक कशाला, प्रतिक्रमण कशाला, पूजा तरी कशाला? नियम सुटले. देवापुढचा नैवेद्य खाण्यापर्यंत मजल गेली. मनात जिनप्रतिमेची निंदा चाले आणि तोंडाने बोलू नये ते बोलले जाई. तीन मित्र मिळाले. चौघे बंद खोलीत जमत, एकमेकांच्या पगड्या उडवत, जोड्यांनी मारामारी करत. मग विवस्त्र होऊन खोलीत फिरत आणि म्हणत, आता आम्ही मुनिराज झालो, आमच्याजवळ परिग्रह उरला नाही.

हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. चाळिशीच्या घरातले चार प्रतिष्ठित व्यापारी, दाराला आतून कडी, आणि दिगंबरत्वाची, म्हणजे ज्या व्रताला सर्वांत अधिक तप लागते त्याची, घरच्या घरी केलेली नक्कल. किशोरवयातली माणकांची चोरी हा बापाचा अपराध होता. शंखाची पूजा ही मूर्खाची श्रद्धा होती. येथे मात्र शहाण्या माणसाने शास्त्र हाती घेऊन स्वतःला फसवले. ‘आत्मा अकर्ता आहे’ या वाक्याइतकी सोयीची आडोशाची जागा पापाला दुसरी मिळणार नाही. आणि असल्या आडोशाला बंद खोलीच लागते असे नाही, व्याख्यानाची गादीही पुरते.

लोकांनी त्यांना नावे ठेवली. बनारसीदास लिहितात की लोकनिंदा खरीच होती. त्या अवस्थेचे वर्णन करताना त्यांनी उंटाच्या अधोवायूची उपमा दिली आहे, जो ना जमिनीचा असतो ना आकाशाचा. क्रियेचा रस गेला होता आणि आत्म्याची गोडी लागली नव्हती. कौटुंबिक मासिकात ही उपमा छापताना संपादकाचा हात अडखळेल, पण ज्याने ती स्वतःवर वापरली त्याचा अडखळला नाही, तेव्हा ती गाळणे हा अन्यायच होईल.

हे सुमारे बारा वर्षे चालले. संवत १६९२ मध्ये पांडे रूपचंद आग्र्याला आले आणि त्यांनी गोम्मटसारावर प्रवचने केली. कोणत्या गुणस्थानावरच्या जीवाला कोणती क्रिया उचित, हे त्यांनी उलगडून सांगितले. निश्चय एकटा घेतला तर माणूस त्या खोलीत पोचतो आणि व्यवहार एकटा घेतला तर तो नुसता देवळाच्या पायऱ्या झिजवतो. बनारसीदासांचे मन स्थिर झाले. ‘समयसार नाटक’ त्यानंतरचे आहे. ज्या ग्रंथाच्या अर्धवट वाचनाने ते त्या खोलीत गेले, त्याच ग्रंथावरचे काव्य त्यांनी बाहेर आल्यावर लिहिले, ही गोष्ट स्वाध्यायात सहसा सांगितली जात नाही. सांगितली तर काव्याचे वजन वाढेल.

मधल्या वर्षांत घर रिकामे होत गेले. तीन विवाह झाले, सात मुलगे आणि दोन मुली झाल्या आणि नऊही अपत्ये गेली. अखेरचा मुलगा गेला त्याला आत्मचरित्र लिहिताना फार वर्षे झाली नव्हती. शिशिरात झाडाची पाने गळून जावीत तसे पतिपत्नी दोघेच उरले, एवढेच ते लिहितात. परिग्रह जेवढा घटतो तेवढा जीव शांत होतो, असेही जोडतात. पण मोह बलवान आहे, हेही कबूल करतात. बंद खोलीत ज्यांनी हसत हसत परिग्रह नसल्याची घोषणा केली होती त्यांच्या घरात आता खरोखरच फारसे कोणी उरले नव्हते. हा संबंध त्यांनी स्वतः जोडलेला नाही. त्यांना तो सुचला नसेल, हे मात्र संभवत नाही.

ग्रंथाच्या शेवटी ते माणसांचे तीन प्रकार करतात. दुसऱ्याचे दोष झाकून गुण सांगणारा आणि आपले दोष उघड करणारा तो उत्तम. आपले आणि दुसऱ्याचे गुणदोष दोन्ही सांगणारा तो मध्यम. सदैव दुसऱ्याचे दोष सांगणारा तो अधम. स्वतःला ते मध्यमांत बसवतात. वर हेही बजावतात की सांगितले ते स्थूल आहे, कारण एका जीवाच्या एका दिवसात जेवढ्या अवस्था येतात तेवढ्या केवलींनाही सांगून संपणार नाहीत, जरी त्यांना त्या सर्व ज्ञात असल्या तरी. पुढच्या पंचावन्न वर्षांची अपेक्षा त्यांनी धरली होती. त्यांतली थोडीच वाट्याला आली आणि ‘बनारसी विलास’ या नावाने त्यांच्या रचना संवत १७०१ मध्ये दुसऱ्यांना संकलित कराव्या लागल्या.

गुणांची यादी लहान नाही. कवित्व, अनेक भाषांचे ज्ञान, क्षमा, संतोष, मृदू वाणी, परस्त्रीपासून दूर राहणे. त्यापाठोपाठ दोषांची यादी येते आणि ती सगळी वर्तमानकाळात आहे. गोमतीतल्या पोथीला छत्तीस वर्षे झाली होती, रूपचंदांच्या प्रवचनांना सहा, तरी एकही दोष भूतकाळात ढकललेला नाही. क्रोध, मान, माया थोडी आहे, पण धनाचा लोभ मोठा आहे. जप, तप, संयम होत नाही. दान आणि पूजेत मन रमत नाही. थोड्या लाभाने फार हर्ष होतो, थोड्या हानीने फार शोक. तोंडून अश्लील शब्द निघाला तर लाज वाटत नाही. सभेत बसला की न घडलेली गोष्ट रचून सांगतो. थट्टेच्या भरात असत्य आवरत नाही. एकांत मिळाला की नाचू लागतो. आणि कधी कधी, काही कारण नसताना, एकाएकी फार भय वाटते.